मान कमजोर नाही, हँडल लांब आहे

काका (वय ६८ लिहिलंत, म्हणून काका म्हणतो), तुमची प्रतिक्रिया झणझणीत होती, पण मुद्द्याची होती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोड बाइकवर (खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल) मान दुखत असेल तर हँडल थोडं वर घ्या, स्टेम (हँडल सायकलला जोडणारा आडवा तुकडा) आखूड करा, असं मी लिहिलं होतं. काकांच्या मते हे पैसेवाल्यांचे नखरे आहेत. तरुणपणी ते ॲटलसवर इंदूरहून उज्जैनला जाऊन येत, मान कधी दुखली नाही. आता नातू रोड बाइकवर इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर तासभर फिरून आला की मान धरून बसतो. म्हणजे मानच कमजोर. त्याने शीर्षासन करावं!

काका, ॲटलसचा दाखला तर माझ्याच बाजूने साक्ष देतो. त्या सायकलीचं हँडल उंच, मुठी अंगाकडे वळलेल्या. पाठ ताठ, नजर आपोआप रस्त्यावर. मानेला त्यात काम ते काय? रोड बाइकवर धड पुढे झुकतं, आणि समोरचं दिसावं म्हणून डोकं मागे वळवून धरावं लागतं. डोकं साडेचार-पाच किलोचं, वर हेल्मेट. कवटीखालच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंना मग क्षणभरही सैल होता येत नाही. इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना तर धड आणखी खाली जातं आणि नजर आणखी लांब टाकावी लागते. बहुतेकांची मान तिथेच भरून येते, चढावर नाही.

आणि प्रश्न नुसत्या ताकदीचा असता, तर १९८३च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये अमेरिकी सायकलपटू मायकल शर्मर यांच्या मानेने हात टेकले नसते. डोकं वर उचलून धरणंच अशक्य झालं. त्या अवस्थेला आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. अख्खी अमेरिका सायकलवर पार करायला निघालेला माणूस कमजोर कसा म्हणायचा?

व्यायामाला माझी ना नाही. हनुवटी आत ओढून धरणं, प्लँक, पाठीसाठी रोइंग, हे जरूर करावं. पण आधीच दुखणाऱ्या मानेवर शीर्षासनात शरीराचा भार टाकायचा, हे मला पटत नाही.

आता पैशांचं. पहिला उपाय फुकट आहे. बहुतेक स्टेम तिरके असतात. उलटा करून बसवला की हँडल थोडं वर येतं. स्टेमच्या वर स्पेसर (उंचीसाठीच्या चकत्या) असतील तर ते स्टेमच्या खाली घ्यायचे. एक ॲलन पाना पुरतो. (स्टेम ज्या नळीवर बसतो ती फोर्कची नळी कार्बनची असेल तर मात्र टॉर्क पान्याशिवाय, म्हणजे किती जोराने आवळायचं ते मोजणाऱ्या पान्याशिवाय, हात लावू नका.) एवढ्याने भागलं नाही तरच १० मिमी आखूड स्टेम विकत घ्यायचा. सीट पुढे ओढून अंतर कमी करणारे बरेच भेटतात. मान वाचते आणि गुडघा बोलायला लागतो. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. त्याने खांदे कानाशी येतात. गवंड्याची लेव्हल लावून बघा, फोनमधलीही चालेल.

हेल्मेट आणि चष्म्याकडे तर कुणी बघतच नाही. हेल्मेट भुवयांवर उतरलं असेल, पुढे छज्जा असेल किंवा चष्मा नाकावरून घसरत असेल, तर रस्ता दिसायला हनुवटी आणखी वर करावी लागते. मग स्टेम कितीही बदला. टायर दगडासारखे टम्म फुगवणं हेही आपल्याकडचं एक वेड. प्रत्येक खड्डा मग थेट खांद्यात.

‘दूधवाल्याची सायकल करून टाकली’ असं तुम्ही लिहिलंत. दूधवाले भल्या पहाटे कॅन लटकवून मैलोन्मैल जातात, काका. त्यांच्या बैठकीची नक्कल करायला मला लाज नाही.

नातवाचं असं करा. त्याला हूडवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) हात ठेवून सायकल चालवायला सांगा आणि बाजूने फोटो काढा. कोपर काठीसारखं सरळ दिसलं तर हँडल लांब पडतंय. कोपर किंचित वाकलेलं असेल तर हेल्मेट आणि चष्मा तपासा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढंच बधिर होत असेल तर बहुधा तळहातावरचा दाब. हात बदलत राहायला सांगा. पण मानेपासून हातात कळ उतरत असेल किंवा पकड ढिली पडत असेल, तर पाना बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.