‘खुर्चीतल्या काकां’कडून उत्तर

नमस्कार. गोदाकाठच्या जुन्या पाइल लोड टेस्टची (पाइल म्हणजे जमिनीत खोल गेलेला पायाचा खांब; तो किती भार पेलतो हे भार देऊन बघायची चाचणी) गणितं मी एका लेखात नव्याने मांडली, त्यावर आपण लिहिलंत: “काका, खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या रीडिंगवर निकाल देणं सोपं असतं. चिनची पद्धत क्षमता फुगवते. रेसिड्युअल लोड धरलेलाच नाही. आलेखावर एककही चुकलंय.”

(चिनची पद्धत म्हणजे टेस्टच्या रीडिंगवरून पाइलची अंतिम क्षमता अंदाजायची रीत; रेसिड्युअल लोड म्हणजे टेस्टच्या आधीच पाइलमध्ये अडकून राहिलेला भार.) एकक चुकलंय, मान्य. टनाच्या जागी किलोन्यूटन पडलं होतं, काल दुरुस्त केलं. आभार.

आता ती खुर्ची. परभणी जिल्ह्यातल्या एका साइटवर भर वैशाखात मी स्वतः टेस्ट घेतलीय. डोक्यावर वाळूच्या गोण्यांचा डोंगर, खाली जॅक. पाइल किती खचला ते डायल गेज एका स्थिर दांड्यावरून, म्हणजे डेटम बारवरून, मोजतो. दुपारी हा बार तापून वाकायचा आणि जॅकचं प्रेशर जागच्या जागी असताना गेजचा काटा सरकायचा. पाइल खचतोय म्हणून ठेकेदार घाबरला. मी बारवर ओली पोती टाकली आणि ऊन उतरेपर्यंत त्यावर पाणी मारत बसलो. शेवटचा भार 24 तास धरायचा असतो, तेव्हा रात्री मुकादम म्हणाला, “साहेब, झोपा तुम्ही, आकडे मी भरतो.” झोपलो नाही. पण बाकीचे झोपत असणार, हे तेव्हाच कळलं. टेस्टच्या रीडिंगची जुनी वही हाती आली की मी आधी रात्री दोन ते पाचची पानं बघतो. एकच शाई, एकच वळण आणि दर तासाला इमानदारीत 0.02 मिमी! हे ओळखायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि निकाल माणसांवर दिलाच कुठे? 1985च्या आयएस 2911 या पाइलच्या भारतीय मानकातल्या एका निकषाने, एकूण 12 मिमी सेटलमेंटला (खचण्याला) जो भार असेल त्याचा दोन-तृतीयांश सुरक्षित भार म्हणून घ्यायचा. मग पाइल 450 मिमी व्यासाचा असो की 1200चा. डेव्हिसन त्याच्या पद्धतीत खचण्याची मर्यादा ठरवताना पाइलचं लवचिक आकुंचन वेगळं काढतो, त्यात 4 मिमी आणि व्यासाचा 120वा भाग मिळवतो. तो भाग 450ला पावणेचार मिमी, 1200ला 10. एवढाच फरक दाखवायचा होता. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं.

चिनची पद्धत क्षमता फुगवते हे कॉलेजची पोरंही सांगतात, त्यात नवल काय? रेसिड्युअल लोडवर लिहीन कधीतरी, सवडीने.

बाकी, ‘काका’ म्हणायची आपली ओळख नाही. वह्या बघायच्या तर खुशाल नांदेडला या, चहा पाजतो. येताना स्वतः रात्र जागून घेतलेल्या एका तरी टेस्टची रीडिंग घेऊन या म्हणजे झालं.