एका गोळीने काय होतं, विचारलंत म्हणून

नमस्कार.

फिटच्या गोळीवर मी गेल्या आठवड्यात जो लेख लिहिला, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. अपस्माराची गोळी ठरल्या वेळी घ्यावी, आपल्या मनाने बंद करू नये आणि चुकली तर दुप्पट घेऊ नये, एवढंच त्यात होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी डॉक्टर नाही, माझी भाषा मास्तरणीची आहे, दुष्परिणाम मी दोन ओळींत गुंडाळले, जेनेरिक गोळ्यांबद्दल संशय पेरला आणि ‘आयुष्यभर’ हा शब्द वापरून लोकांना गोळ्यांचं गुलाम केलं. मग हे वाक्य : ‘एखादी गोळी चुकली म्हणून काही आभाळ कोसळत नाही, उगाच भीती घालून लेख खपवू नका.’

एक गोष्ट आधीच मान्य करते. ‘आयुष्यभर’ लिहायला नको होतं. ‘डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत’ असं हवं होतं. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. तुम्ही हे साध्या शब्दांत सांगितलं असतंत तरी मी ती केलीच असती. त्यासाठी ‘गुलाम’ आणि ‘खपवू नका’ म्हणायची गरज नव्हती. मी काही विकत नाही. शाळेतून आल्यावर, स्वयंपाक आवरून, रात्री लिहायला बसते.

आणि मास्तरीण आहेच मी. अठ्ठावीस वर्षं मिरजेत शिकवते. वर्गात फिट आलेल्या तीन मुलांना कुशीवर वळवून, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवून, हातातल्या घड्याळाकडे बघत बसलेली आहे. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढायची, हे मला तोंडपाठ आहे. त्या शब्दाने मला लाज वाटावी असा तुमचा हेतू असेल, तर तो साधला नाही.

आता ते आभाळाचं वाक्य.

हेच वाक्य मी मे २००६ मध्ये ऐकलंय, माझ्या मामांच्या तोंडून. तासगाव तालुक्यात मामेबहिणीचं लग्न होतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा. चौदाव्या वर्षापासून फेनिटॉइन या फिटच्या गोळीवर, आणि तीन वर्षांत एकही फिट नाही. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर लक्षात आलं की गोळ्यांची पट्टी मिरजेलाच फ्रीजवर राहिली. मी म्हटलं, सकाळी कुणालातरी पाठवू. मामा म्हणाले, ‘एका दिवसानं काय होतंय गं?’ दुसऱ्या दिवशी हळद होती, गाडी मोकळी नव्हती. तिसऱ्या दिवशी लग्न. तीन दिवस कुणी ठरवून चुकवत नाही हो. एक दिवस चुकतो, काही होत नाही, म्हणून दुसरा चुकतो. फेनिटॉइन शरीरातून निम्मं व्हायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून पहिल्या दिवशी खरंच काही झालं नाही. त्यावरच सगळे विसंबले. त्यात दोन रात्रींची जागरणं, आणि जागरणाने फिट येते हे काही मी वेगळं सांगायला नको.

चौथ्या दिवशी पहाटे माडीवर टाचा आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी जातं ओढतंय असं मला झोपेत वाटलं. मी वर पोचेपर्यंत मामींनी त्याच्या दातांत स्टीलचा चमचा घातला होता आणि एक जण नाकाला चप्पल लावत होता. पुढच्या दाताचा कोपरा तुटला, तो आजही तसाच आहे. (चमचा, बोट, पाणी, काहीही तोंडात घालायचं नसतं. जीभ गिळली जात नाही.) फिट थांबली, पण तो शुद्धीवर यायच्या आतच दुसरी आली. मग जीपमध्ये तिसरी. एका फिटमधून बाहेर न येताच पुढची येते, त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. त्यात माणूस दगावतो, मेंदूला कायमची इजा होते. गोळी अचानक बंद होणं हे त्याचं नेहमीचं कारण. नऊ दिवस तो आयसीयूत होता. आई बाहेरच्या बाकावर बसून रिकाम्या पट्टीतले कागद सोलत होती, एकेक.

आता सांगा, मी भीती घालते का?

आणि सगळ्याच गोळ्या फेनिटॉइनसारख्या सावकाश उतरत नाहीत. लेव्हेटिरासिटॅम हल्ली पुष्कळांना देतात. मोठ्या माणसाच्या शरीरात ते सहा ते आठ तासांत निम्मं होतं, म्हणून दिवसातून दोनदा असतं. सकाळी आठची घेतली आणि रात्री आठची विसरली, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रक्तात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ‘एखादी गोळी’ म्हणताना कुठली गोळी, हे तुम्ही स्वतःला विचारलंत का? नाही विचारलंत, आणि मला मात्र ‘अभ्यास वाढवा’ म्हणून सुनावलंत.

चुकलेली भरून काढण्याचंही आमच्या घरात होऊन गेलंय. भाऊ एकोणीस वर्षांचा असताना परीक्षेत दोन दिवस विसरला आणि मग आठवडाभर दुप्पट घेत राहिला. शेजारच्या काकांनी आईला येऊन सांगितलं, तुमचा पोरगा भरदुपारी पिऊन आलाय. तो भिंतीला धरून चालत होता, जीभ जड झाली होती, बुबुळं थरथरत होती. फेनिटॉइन निकाली काढायची यकृताची ताकद ठरावीक असते. ती संपली की डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम उसळते. १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असायला हवी, त्याची ३४ निघाली. म्हणून लेखात लिहिलं होतं, आणि पुन्हा लिहिते : आठवली की लगेच घ्या, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. दोन-तीन चुकल्या असतील तर डॉक्टरांना फोन करा.

तुमच्या मुलाच्या गोळ्या दोन वर्षांनी बंद झाल्या आणि सहा वर्षांत काही झालं नाही, हे वाचून मनापासून बरं वाटलं. पण तुम्हीच लिहिलंय की डॉक्टरांनी त्या पाच महिन्यांत कमी करत आणल्या. मग माझ्याशी भांडण कशाचं? ब्रिटनमध्ये १९९१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षं फिट न आलेल्या लोकांपैकी निम्म्यांच्या गोळ्या हळूहळू थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. आणखी दोन वर्षांनी चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के फिटविना होते, थांबवलेल्यांपैकी ५९ टक्के. तुमचा मुलगा त्या ५९ मधला आहे, देव करो आणि तसाच राहो. उरलेल्यांच्या घरी काय होतं ते मी बघितलंय.

दुष्परिणामांवर मी कमी लिहिलं, कारण तो लेख त्यावर नव्हता. भावाच्या हिरड्या सुजायच्या, दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे जावं लागायचं. हे मला तुमच्याकडून कळायचं नव्हतं. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधामुळे गर्भाला धोका असतो हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण ज्या मुलीला मूल हवंय तिने आधी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यावी, प्रतिक्रिया वाचून स्वतःच बंद करू नये. जेनेरिक वाईट असं मी कुठेही म्हटलेलं नाही. दर महिन्याला दुकानदार देईल ती कंपनी घेऊ नका आणि बदललीच तर डॉक्टरांना सांगा, असं म्हटलंय. लेख पुन्हा वाचा. डॉक्टर नसण्याबद्दल : नाही मी. जे लिहिते ते भावाच्या डॉक्टरांना दाखवून लिहिते.

भाऊ आता इचलकरंजीला असतो. दोन मुलं आहेत. रात्री नऊला फोन वाजतो, तो ‘घेतली’ म्हणतो आणि ठेवतो. वीस वर्षं होत आली, पण गोळी घेतल्याशिवाय त्याने तो शब्द उच्चारलेला नाही. ‘ताई, आता नको करू काळजी’ असंही म्हणतो कधीकधी. मी करते.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘हिंमत असेल तर ही प्रतिक्रिया छापा.’ छापली आहे, एक शब्दही न गाळता, लेखाच्या खालीच. पुढच्या वेळी खाली तुमचं नाव लिहा.