पी/एफ रेशो ३०० च्या खाली गेला, एवढ्यावर जे८० लागत नाही

इनपेशंट कोडिंग, म्हणजे हॉस्पिटलात दाखल रुग्णांच्या निदानांना बिलासाठी कोड लावण्याचं काम, शिकणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फॉरवर्ड होत असतो. मजकूर साधारण असा: एआरडीएस (ॲक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, फुप्फुसांचा अचानक होणारा गंभीर आजार) म्हणजे शेवटी आकडा. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) बघा, पीएओटूला (रक्तातला ऑक्सिजनचा दाब) एफआयओटूने (श्वासातून दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण) भागा, हाच पी/एफ रेशो. उत्तर ३०० च्या खाली आलं आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरट डाग असले की जे८० (एआरडीएसचा कोड) लावा. डॉक्टरांनी लिहायची वाट बघू नका, ते विसरतात. त्यांनी लिहिलं असेल पण आकडा बसत नसेल तर काढून टाका. सोबत जे९६.०१ (ऑक्सिजन कमी पडून झालेल्या ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअरचा कोड) लावा म्हणजे एमसीसी (बिलाची रक्कम वाढवणारी मोठी गुंतागुंत) पक्की. क्वेरीत (डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवण्यात) वेळ घालवू नका.

पुण्या-मुंबईत, नागपुरात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट कोड करणारी अनेक मराठी मुलं हा मेसेज सेव्ह करून ठेवतात आणि त्यावर विसंबून काम करतात. त्यामुळे तो मुद्द्यामुद्द्याने तपासणं गरजेचं आहे.

पहिला मुद्दा आकड्याचा. एआरडीएसच्या २०१२ च्या बर्लिन व्याख्येत चार अटी आहेत. आजार किंवा इजेपासून आठवड्याच्या आत त्रास सुरू होणं, दोन्ही बाजूंना छाया, ती छाया निव्वळ हृदय निकामी झाल्यामुळे किंवा शरीरात पाणी साठल्यामुळे नसणं, आणि किमान ५ सेंटीमीटर पीप (श्वास सोडल्यावरही यंत्राने फुप्फुसात राखलेला दाब, पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये) असताना पी/एफ ३०० किंवा त्याखाली. मेसेजने यातल्या दोन ठेवल्या आणि दोन टाकून दिल्या. टाकलेल्यांतच खरी मेख आहे.

समजा, रुग्ण बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र) आहे, एफआयओटू ०.६, पीएओटू ७२. भागाकार १२०. एक्स-रेत दोन्हीकडे पांढरं. मेसेजप्रमाणे जे८०. पण याच चार्टमध्ये बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) खूप वाढलेलं आहे, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग कमी आहे, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दिल्यावर भरपूर लघवी झाली आणि दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची गरज निम्म्यावर आली. हे हृदयामुळे फुप्फुसात भरलेलं पाणी आहे. ही गोष्ट भागाकारातून कळत नाही. ती रुग्णाला तपासणाऱ्या, औषधाला मिळालेला प्रतिसाद बघणाऱ्या डॉक्टरलाच कळते. शिवाय साध्या नेझल कॅन्युलावर एफआयओटू अंदाजानेच धरावा लागतो आणि पीप नसतोच. २०२३ च्या जागतिक व्याख्येने मिनिटाला ३० लिटर किंवा जास्त हाय फ्लो ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटरचं रीडिंगही ग्राह्य धरलं, व्याप्ती वाढवली. पण हृदयाचं कारण वगळण्याची जबाबदारी तिनेही डॉक्टरकडेच ठेवली.

एक्स-रेचंही तसंच. रेडिओलॉजिस्टने रिपोर्टमध्ये एआरडीएसशी जुळणारं चित्र म्हटलं, म्हणून इनपेशंटमध्ये निदान कोड होत नाही. उपचार करणाऱ्या प्रोव्हायडरने ते स्वतःच्या नोंदीत स्वीकारलेलं असावं लागतं.

आता डॉक्टर विसरतात हा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि मेसेजमधला हा एकच भाग मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लंग सेफ अभ्यासात ५० देशांमधले ४५९ आयसीयू होते. निकषांत बसणाऱ्या सौम्य एआरडीएसपैकी डॉक्टरांच्या लक्षात आले ते ५१.३ टक्के, तीव्रपैकी ७८.५ टक्के. म्हणजे सौम्य रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे निसटले. हे छोटं नुकसान नाही. निदान लक्षात आलं तर व्हेंटिलेटरचा श्वास रुग्णाच्या उंचीवरून काढलेल्या वजनाच्या हिशोबाने किलोमागे ६ मिलिलिटरवर ठेवण्याचा विचार होतो. २००० सालच्या मोठ्या चाचणीत १२ ऐवजी ६ ठेवल्यावर मृत्युदर ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आला होता.

पण यावरून मेसेज जो निष्कर्ष काढतो तो उलटा आहे. डिस्चार्जनंतर पुण्यात बसून गुपचूप लावलेल्या जे८० ने त्या रुग्णाच्या व्हेंटिलेटरची सेटिंग बदलत नाही. रुग्ण आयसीयूत असतानाच सीडीआय टीमने (डॉक्टरांच्या नोंदी पूर्ण आणि स्पष्ट आहेत का हे बघणारी टीम) पाठवलेली क्वेरी मात्र डॉक्टरसमोर वेळेत पोहोचू शकते. डॉक्टर विसरतात हे मान्य असेल, तर तेच क्वेरीच्या बाजूचं सर्वात मोठं कारण ठरतं. आणि ज्या चार्टात एआरडीएस कुणीच लिहिलेला नाही तिथे तुम्ही तो लावला, तर पुढे ऑडिटर विचारेल की हे निदान कुणाचं? तुमच्याकडे दाखवायला एकही ओळ नसेल.

तिसरा सल्ला आहे आकडा बसत नसेल तर काढून टाकण्याचा. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेत निदानांसाठी वापरली जाणारी कोडपद्धत) अधिकृत गाइडलाइन्समध्ये सेक्शन १.ए.१९ आहे. प्रोव्हायडरने रुग्णाला अमुक आजार असल्याचं लिहिलं की कोडसाठी तेवढं पुरेसं असतं, आणि ते निदान त्याने कोणत्या क्लिनिकल निकषांवर केलं यावर कोड ठरत नाही, असं ती गाइडलाइन सांगते. पी/एफ ३२० असताना डॉक्टरांनी एआरडीएस लिहिला असेल तर शंका घ्यायला हवीच, कारण पेअर (बिल भरणाऱ्या विमा कंपन्या वगैरे) अशाच केसेस डिनाय करतात. पण ती शंका क्लिनिकल व्हॅलिडेशनकडे (निदानाला वैद्यकीय आधार आहे का याची तपासणी) जाते. तुमच्या हॉस्पिटल क्लायंटची एस्कलेशनची पद्धत असते, ती वापरा. कोडरने परस्पर निदान पुसणं आणि परस्पर निदान घालणं, दोन्हींत डॉक्टरचा अधिकार आपल्या हातात घेतला जातो.

सोबत जे९६.०१ लावायचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. जे९६ खाली एक्सक्लूड्स वन नोट (हे कोड एकत्र लावू नका असं सांगणारी टीप) आहे आणि तिच्यात जे८० चं नाव आहे. ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर त्याच आजारात वाढत जाऊन एआरडीएस झाला तर एकटा जे८०. एमसीसी पक्की करण्याचा हिशोबही फसवा आहे. एमएस-डीआरजीमध्ये (हॉस्पिटलला मिळणारी रक्कम ठरवणारी अमेरिकेतली गटवारी) एक ग्राह्य एमसीसी असली की दुसरीने भर पडत नाही.

इथेच दोन गोष्टी पटकन सांगतो, त्यांवरही गोंधळ होतो. नोंदीत नुसतं ॲक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस असेल तर तो आर०६.०३, जे८० नव्हे. आणि नवजात बाळाचा डिस्ट्रेस सिंड्रोम पी२२.० मध्ये जातो.

राहिला वेळ. चार्टचं टार्गेट असतं, टीम लीड मागे असतो, हे मला माहीत आहे. पण बरी क्वेरी लिहायला फार वेळ लागत नाही. तिच्यात चार्टमधले पुरावे असावेत, पर्याय खुले असावेत, उत्तर सुचवलेलं नसावं आणि पैशांचा उल्लेख अजिबात नसावा. वरच्याच रुग्णासाठी मी अशी लिहीन:

"रुग्ण बायपॅपवर, एफआयओटू ०.६, पीएओटू ७२, एक्स-रेत दोन्ही बाजूंना छाया, बीएनपी वाढलेलं, फ्युरोसेमाइडनंतर ऑक्सिजनची गरज कमी. आपल्या क्लिनिकल मतानुसार या स्थितीचं निदान कृपया नोंदवावं: हृदयविकारामुळे ॲक्यूट पल्मनरी एडिमा (फुप्फुसात पाणी); एआरडीएस (कारणासह); ॲक्यूट हायपॉक्सिक रेस्पिरेटरी फेल्युअर (कारणासह); अन्य (कृपया लिहावं); सांगता येत नाही."