क्लेअरची दोन सासरं

मे महिन्यात भुसावळात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून ‘आउटलँडर’ ही कादंबऱ्यांची मालिका पुन्हा वाचायला काढली. पहिलं पुस्तक 1991चं, नववं 2021चं, आणि गोष्ट अजून संपायचं नाव घेत नाही. एकेक ठोकळा असा, की आडवं पडून वाचताना डोळा लागला तर नाकाचं काही खरं नाही.

पहिल्या वाचनात मी सरळ जेमीच्या लाल केसांत गुंतले होते. दुसऱ्या महायुद्धातली नर्स क्लेअर स्कॉटलंडात इन्व्हर्नेसजवळच्या उभ्या शिळांमधून 1743त जाऊन पडते काय, आणि तिथे हा गडी खांदा निखळवून बसलेला असतो काय! या खेपेला मात्र पानोपानी तिचा पहिला नवरा दिसतोय. फ्रँक. नाकासमोर चालणारा इतिहासाचा माणूस. बायकोला फिरायला आणलं, तर बायकोच गायब. वर खलनायक कोण, तर हुबेहूब याच्याच तोंडवळ्याचा पूर्वज.

सासूबाईंना बिबडे थापताना करमणूक लागते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ गरम आहे तोवरच थापावं लागतं, त्यामुळे गच्चीवर पहाटे 16 एप्रिल 1746ची कलोडनची लढाई मी एका घाण्यात उरकली. खरी लढाईसुद्धा तासाभरात आटोपली होती, तेव्हा इतिहासावर काही अन्याय झाला नाही.

“तव्हय आपलाकडे कोन व्हतं?”

नानासाहेब पेशवे, म्हटलं. त्यांनी मान डोलावली. आता गोष्ट विश्वासार्ह झाली.

पण पोटातलं जेमीचं पोर घेऊन क्लेअर विसाव्या शतकात परतली आणि फ्रँकने ते आपलं म्हणून वाढवलं, तिथे निकाल लागला. “पोर कोनी सांभाळी? मंग बाप कोन?” जेमीची बाजू मांडायची मला संधीच मिळाली नाही. वीस वर्षांनी क्लेअर पुन्हा मागे जाते. साल 1766, मधल्या काळात इकडे पानिपत होऊन माधवराव गादीवर आलेले. जेमी एडिंबराला छापखाना चालवतोय, आणि तिला बघून चक्कर येऊन पडतो. हा प्रसंग मी फार जीव ओतून सांगितला. शेजारच्या काकूंनी डोळेही पुसले. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, की मधल्या काळात त्याने लिरीशी लग्न केलंय. तीच लिरी, जिने क्लेअरला चेटकीण ठरवून पकडून द्यायला हात लावला होता! सासूबाईंच्या हातातला बिबडा तिथेच फाटला.

“आन् फ्रँक?”

“तो आहे की बॉस्टनला. कॉलेजात शिकवतो.”

तो मोटार अपघातात गेल्यावरच क्लेअर निघाली, हे सांगितलेलं नाही. कुरडयांचा गहू भिजत घातलाय. त्या वाळून डब्यात जाईपर्यंत फ्रँकला जिवंत ठेवणं भाग आहे.