‘फटाक्यांना रडकी गाणी कशाला?’ – जरा लांबलेलं उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी चिडलोच. सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा निम्मी पटली. म्हटलं खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथेच नीट लिहू. बाकीच्यांसाठी सांगतो, मागच्या आठवड्यात मी जपानमधली उन्हाळी आतषबाजी पाहताना ऐकायची पाच पॉप गाणी दिली होती, त्यावर दादांचं म्हणणं असं की एक तर सगळी गाणी रडकी, ‘दिवाळीत भुईनळा पेटवून कोणी विरहगीत लावतं का?’, दुसरं म्हणजे त्यातली अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची, गाणी हा पोराटोरांचा मामला, आणि तिसरं, फुजीफॅब्रिक या जपानी रॉक बँडचं गाणं आलंच नोव्हेंबरमध्ये, मग ते उन्हाळ्याचं कसं?

नोव्हेंबरचं आधी घेतो कारण तिथे तुम्ही नकळत माझ्याच बाजूने बोललायत. फुजीफॅब्रिकचं ते गाणं, ‘वाकामोनो नो सुबेते’, 2007 च्या नोव्हेंबरमध्ये आलं, बरोबर. पण गाणं सुरू कुठून होतं बघा ना, टीव्हीवरचा हवामानवाला सांगतो की उन्हाळ्याचा जोर ओसरला, म्हणजे पहिल्याच ओळीत उन्हाळा संपत आलाय! मग संध्याकाळी पाचचा भोंगा येतो. भोंगा म्हणजे आपला गिरणीचा नव्हे हां, तिकडे गावोगावी खांबांवर कर्णे असतात आणि संध्याकाळी त्यावर एखादी साधी धून वाजते, पोरांनो आता घरी जा अशी. मी टोकियोच्या निशी-कासाईला राहत होतो तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं कुठेतरी देऊळ आहे. हे गाणं लिहिणारा आणि गाणारा शिमुरा मासाहिको फुजी डोंगराच्या पायथ्याच्या फुजीयोशिदाचा, 2009 च्या डिसेंबरमध्ये गेला, वय फक्त 29. आणि आता त्याच्या गावात वर्षातले काही दिवस संध्याकाळच्या त्या कर्ण्यांवर नेहमीच्या धूनऐवजी हेच गाणं वाजवतात. ज्या गाण्यात तो भोंगा आहे तेच गाणं त्या गावाचा भोंगा झालं. असो, हे सांगताना मी दरवेळी वाहवत जातो.

आता जिथे मी चुकलो ते. शीर्षकात मी ‘पाहताना ऐकायची’ असं लिहिलं होतं, ते साफ चूक. आतषबाजी चालू असताना कानात इयरफोन घालणं म्हणजे भर पंगतीत चिप्सचं पाकीट फोडणं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तुम्ही 700 मीटरवर बसलात तर फूल आधी उमलतं आणि धडाका दोन सेकंदांनी छातीत येतो, त्या दोन सेकंदांत आजूबाजूची हजारो माणसं एकदम गप्प होतात, तिथे कुठलं गाणं लावणार? टोकियोतल्या एदोगावा नदीकाठची आतषबाजी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असते, निशी-कासाईतली आपली बरीच मंडळी चटया घेऊन दुपारपासूनच जातात, आणि ती सुरूच होते 5 सेकंदांत 1000 गोळे उडवून. माझ्या शेजारी बसलेल्या जोशीकाकूंच्या हातातला चिवडा सांडला होता.

ही गाणी आहेत परतीच्या वाटेची. सगळं संपल्यावर शिनोझाकी स्टेशनपर्यंत ती अफाट गर्दी मुंगीच्या पावलाने सरकते, हवेत फटाक्यांच्या दारूचा वास, युकाता (उन्हाळी सुती किमोनो) घातलेल्या पोरींच्या पायात लाकडी सपाता टकटक करतायत, कोणी फारसं बोलत नाहीये आणि उद्या रविवार असूनही सगळ्यांना सुट्टी संपल्यासारखं वाटतंय. तिथे लावा ‘वाकामोनो नो सुबेते’ आणि मग सांगा रडकं आहे का.

आणि मुळात हानाबी, म्हणजे तिकडची आतषबाजी, ही आपली दिवाळी नाही हो. दिवाळीला आपल्याकडे व्यापाऱ्यांचं नवं वर्ष सुरू होतं, तिकडे हानाबीने उन्हाळा संपवतात. हायकूच्या जुन्या ऋतुसूचीत हानाबी हा शब्द शरदात धरलेला आहे कारण त्याचं नातं ओबोनशी, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांशी. आपला पितृपंधरवडाच समजा, फक्त तिकडे त्यात नाच असतो. टोकियोच्या सुमिदा नदीवरच्या आतषबाजीचं मूळसुद्धा 1733 चं सांगतात, दुष्काळात आणि साथीत गेलेल्यांसाठी. म्हणजे आनंद आहेच, पण तो श्राद्धाच्या जेवणातल्या खिरीसारखा.

नागाओकाचं उदाहरण घ्या, मग पटेल. 1 ऑगस्ट 1945 च्या रात्री त्या शहरावर बॉम्ब पडले, चौदाशेहून जास्त माणसं गेली. अजूनही दर 1 ऑगस्टला रात्री साडेदहाला, म्हणजे हल्ला सुरू झाला त्या वेळेला, पांढरी फुलं आकाशात सोडतात, आणि मोठी आतषबाजी 2 आणि 3 तारखेला. 2004 च्या भूकंपानंतर तिथे ‘फिनिक्स’ नावाची आतषबाजी सुरू झाली. शिनानो नदीच्या काठाने जवळपास 2 किलोमीटर लांबीत एकाच वेळी गोळे उडतात आणि सोबत हिराहारा आयाका या गायिकेचं ‘ज्युपिटर’ लागतं. चाल होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची, विलायती, पण भूकंपानंतर लोकांनी रेडिओवर हेच गाणं पुन्हा पुन्हा मागितलं होतं. मी प्रत्यक्ष नाही पाहिलं, नुसतं स्क्रीनवर पाहून घसा दाटला. आतषबाजी चालू असताना गाणं नको असं मीच वर म्हणालो, पण हा अपवाद. आणि तो मी मूळ यादीत घातलाच नव्हता, ही माझी खरी चूक, जी तुम्ही पकडली नाहीत!

अ‍ॅनिमेचं थोडक्यात. ‘सिक्रेट बेस’ हे साप्पोरोच्या झोन या मुलींच्या बँडचं 2001 चं गाणं, अ‍ॅनिमेत ते आलं 2011 ला. गाण्यात दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटायचं वचन आहे आणि तो बँड फुटूनही 2011 च्या ऑगस्टमध्ये खरंच पुन्हा स्टेजवर आला. पोराटोरांचा मामला म्हणा खुशाल, मी चाळिशीत आहे. ‘उचिआगे हानाबी’ मात्र अ‍ॅनिमेसाठीच केलेलं, 2017, डाओको आणि योनेझु केन्शी, पण तो सिनेमाही 1993 च्या टीव्ही नाटकावरून घेतलेला, त्यात पोरं भांडतात की आतषबाजी बाजूने पाहिली तर गोल दिसते की चपटी. गोलच दिसते, गोळ्यात दारूचे दाणे चहूबाजूंनी रचलेले असतात. आमच्या घरी मात्र यावर अर्धा तास वाद झाला.

शेवटचं, आनंदी गाणं एकही नाही हे तुमचं मान्य. ‘नात्सु मात्सुरी’ घ्यायला हवं होतं, मूळ जिट्टरिन जिनचं 1990 चं, आणि व्हाइटबेरीच्या मुलींनी 2000 मध्ये ते असं दणकून वाजवलंय की तुमच्या गावच्या मिरवणुकीतही चालेल (बोल मात्र हरवलेल्या प्रेमाचेच आहेत, सांगून ठेवतो, नंतर परत कमेंट नको). यादीत ते आणि ‘ज्युपिटर’ आज टाकलं, शीर्षकही बदलून ‘परत येताना’ केलंय.

आणि हो, तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे जत्रेला शोभेची दारू उडते तेव्हा बँडही असतो. तो बँड तेव्हा काय वाजवतो, ते तेवढं कळवा.