‘शुगर लिहू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री इंदिरानगरहून मामीचा फोन. “अरे, विम्याच्या फॉर्मवर मामांची शुगर लिहायची नाही म्हणे. ग्रुपवर आलंय. तू लिहिलीस का?” मे महिन्यात दोघं पॅरिस-स्वित्झर्लंडला निघालेत, पहिल्यांदाच. मामांचं वय ६७, मधुमेह १२ वर्षांचा. मेसेज मागवून घेतला. ‘परदेशी सहलीचा विमा म्हणजे लूट’ असं शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. गंगापूर रोडला सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपपासून आमच्या सोसायटीपर्यंत तो सगळीकडे पोचलाय. त्यातला एक मुद्दा माणसाला परक्या देशात उघड्यावर पाडेल, म्हणून आधी तोच घेतो.

‘शुगर-बीपी लिहू नका, हप्ता वाढतो. तिकडे कुणाला कळणार?’

कळतं, कारण आपणच सांगतो. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं की डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, आधीचे आजार कोणते, गोळ्या कोणत्या चालू आहेत? जीव वाचवायचा तर खरं सांगावंच लागतं. ते केसपेपरवर उतरतं आणि तोच केसपेपर विमा कंपनीकडे जातो. मग कंपनी इथल्या डॉक्टरांची जुनी कागदपत्रं मागते. फॉर्मवर ‘आजार नाही’ आणि केसपेपरवर ‘१२ वर्षं मधुमेह’ असं दिसलं की क्लेम नाकारायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागत नाही. बिल युरोमध्ये आणि भरणारे आपण. चार पैसे वाचवायला सांगणारा तेव्हा फोन तरी उचलेल का?

खरं लिहिलं म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. बऱ्याच पॉलिसी आधीपासूनच्या आजारावर फक्त जीवावर बेतलेल्या प्रसंगीच खर्च देतात, काही तेवढाही देत नाहीत, तर काही जादा हप्ता घेऊन देतात. एजंटला विचारायचा प्रश्न हाच आहे. उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

‘व्हिसासाठी स्वस्तातला कुठलाही कागद चालतो.’

नाही चालत. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा नियमावलीत, कलम १५ मध्ये, स्पष्ट लिहिलंय: किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं, ते सगळ्या शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांत) आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांत लागू हवं. तातडीचे उपचार, दवाखान्यात दाखल होणं, आजारी माणसाला मायदेशी आणणं आणि मृत्यू, हे सगळं त्यात बसलं पाहिजे. म्हणजे ‘दिखाव्याचा कागद’ म्हणून ज्याची टिंगल चाललीय, त्यात नेमकं काय हवं हे कायद्यानेच ठरवलंय. हा आकडा किमान आहे, पुरेसा असेलच असं नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर याहून बरीच मोठी रक्कम घ्यावी, तिथले दवाखाने फार महाग आहेत.

‘क्लेम कधीच मिळत नाही.’

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. क्लेम अडतात, आणि कंपन्यांची बारीक अक्षरं वाचताना माझंही डोकं फिरतं. पण बरेच क्लेम आपल्याच हातून अडतात. दाखल झाल्यावर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला लगेच फोन केलेला नसतो. बॅग हरवली तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीकडून लेखी नोंद घ्यायची असते, चोरी झाली तर पोलिसांची. ती नसते. शिवाय सुरुवातीची ठरावीक रक्कम आपणच सोसायची, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. एवढं करूनही अन्याय झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपाल आहे, त्याला फी लागत नाही.

‘क्रेडिट कार्डावर फुकट असतो, नाहीतर घरचा मेडिक्लेम आहेच.’

कार्डाच्या अटी वाचा. कित्येक ठिकाणी तो फक्त विमान अपघाताचा असतो. आणि इथला मेडिक्लेम सहसा भारताबाहेर चालत नाही.

‘काही झालं तर दूतावास बघून घेतो.’

संकटातल्या भारतीयांसाठी २००९ पासून कल्याण निधी आहे, खरंय. पण तो ऐपत पाहून, अगदी गरजूंना दिला जातो. लाखांची सहल काढणाऱ्याने त्यावर डोळा ठेवावा, हे मला पटत नाही.

काल संध्याकाळी मामींच्या घरी बसून फॉर्म पुन्हा उघडला. मधुमेह: होय. गोळ्यांची नावं लिहिली. हप्ता वाढला, तो मामांनी भरला. डॉक्टरांकडून आजाराचं आणि गोळ्यांचं इंग्रजी पत्र घ्यायचं राहिलंय, त्यासाठी सोमवारची वेळ मिळालीय.