शांती करणारी मुलं भित्री असतात का? एका आईला उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

मुलांना सगळ्यांशी शांतीने राहायला शिकवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही मनातलं परखडपणे लिहिलंत. बरं केलंत. तुमचा मुख्य आक्षेप असा, की दुसरा गाल पुढे करायला शिकवून आपण ख्रिस्ती मुलांना भित्रं करून ठेवतो. वर्गातला एक मुलगा तुमच्या लेकाला सतत चिडवतो, त्याच्या वह्या फाडतो, आणि 'येशूने क्षमा करायला सांगितलंय' म्हणून लेक घरीसुद्धा काही बोलत नाही. दुसरी धास्ती इतर धर्मांच्या मुलांबद्दलची: त्यांच्याशी जमवून घेता घेता आपल्या मुलांचा विश्वास पातळ होईल.

तुमच्या लेकाचं वाचून जीव कळवळला. पण त्याला गप्प बसवणारी शिकवण येशूची नव्हे, आणि हे मला अगदी ठामपणे सांगायचं आहे.

ते गालाचं वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. तिथे प्रभू नुसता गाल म्हणत नाही, उजवा गाल म्हणतो. समोर उभ्या असलेल्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हाताची मागची बाजूच लागते. अशी चपराक इजा करण्यापेक्षा पाणउतारा करण्यासाठी असते. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात साध्या चपराकीला 200 झूज (चांदीची नाणी) दंड सांगितला आहे आणि उलट्या हाताच्या चपराकीला 400, कारण तिथे भरपाई अपमानाचीही आहे. म्हणजे प्रभू सांगतो ते हे: कोणी तुझा अपमान केला तर तूही तसाच होऊ नकोस, आणि खाली मान घालून पळूही नकोस. तिथेच उभा राहा.

आणि खुद्द येशूला चपराक बसली तेव्हा काय झालं? योहानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकासमोर एक शिपाई त्याला मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण गप्पही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं तो सरळ विचारतो. शब्बाथशाळेत गालाचं वचन आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि हा प्रश्न मात्र शिकवत नाही. माझ्या मते दोन्ही एकाच दिवशी शिकवावेत.

आता 'मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली' ही समजूत. ती मुलांच्या मनात फार खोल असते, आणि खेदाची गोष्ट म्हणजे ती बरेचदा आपण मोठ्यांनीच पेरलेली असते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी एकांतात त्याला त्याचा अपराध दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. सांगणं हा शांतीच्या वाटेवरचाच टप्पा आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू एका लेकराला मध्ये उभं करतो आणि लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा करतो. तेव्हा जिथे मार आहे, धमकी आहे किंवा समोरचा वयाने मोठा आहे, तिथे 'आधी एकटा जाऊन बोल' असं लेकराला सांगणं मला त्या अध्यायाच्या विरुद्ध वाटतं. तिथे जायचं काम आपलं.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांमधला, प्रेषित पौलाचा भाचा आठवा. मामाला ठार मारायचा कट त्याच्या कानावर येतो. तो धावत जाऊन पौलाला सांगतो, आणि पौल त्याला रोमी सरदाराकडे पाठवतो. सरदार त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि शांतपणे सगळं ऐकून घेतो. त्या मुलाच्या सांगण्याने पौलाचा जीव वाचला. ही गोष्ट मुलांना फार आवडते, आणि आपण ती क्वचितच सांगतो.

क्षमेबद्दलही थोडं. दोन मुलांना समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळव' म्हणणं मला पटत नाही. ते मोठ्यांच्या सोयीचं असतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने नुसती दिलगिरी व्यक्त केली नाही, घेतलेल्याच्या चौपट परत करायची तयारी दाखवली. वही फाडली असेल तर ती पुन्हा लिहून द्यायला मदत करावी. तुमच्या लेकाने मनात सूड धरू नये, हे खरंच. पण त्याने क्षमा केली म्हणून शिक्षकांनी डोळेझाक करायची नसते.

इतर धर्मांच्या मित्रांविषयी माझं मत साधं आहे. लूकच्या नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने (यहुदी ज्यांना परकं मानत त्या समाजाच्या) येशूचा स्वीकार केला नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले, आणि येशूने त्यांनाच धमकावलं. पुढच्याच अध्यायात तो चांगल्या शोमरोन्याचा दाखला देतो, त्यात शेजारधर्म पाळणारा परक्या समाजाचा आहे. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतो, पण सौम्यतेने. ज्या मुलाला आपला विश्वास नीट सांगता येतो, त्याला मित्राच्या घरी जायला भीती वाटत नाही. विश्वास पातळ होतो तो घरात प्रार्थना आणि वचन थांबल्याने. आणि जेवताना आपण इतरांच्या देवाधर्माची टर उडवत असू, तर मूल तेच वर्गात घेऊन जाणार.

राहिला तुमचा लेक. आज त्याच्याजवळ बसा आणि आधी सगळं ऐकून घ्या, मध्ये वचन सांगू नका. आईला सांगितल्याने क्षमा मोडत नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. मग एक वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या: 'माझी वही फाडू नकोस, मी बाईंना सांगणार आहे.' नजर वर ठेवून, आवाज न चढवता. पण त्याच्यावर सोपवून थांबू नका. फाडलेल्या वह्या घेऊन तुम्ही स्वतः वर्गशिक्षकांना भेटा, काय कधी झालं ते लिहून द्या, आणि पुढे काय करणार हे त्यांच्याकडून स्पष्ट विचारून घ्या. आठवड्यात काही हललं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा. त्या दुसऱ्या मुलासाठीही लेकासोबत प्रार्थना करा, पण तुम्ही शाळेत भेटून आल्यावर.